राखीव प्रत आणि परतीची वाट

सरकारी कचेरीत ज्यांचा थोडाफार काळ गेला आहे, त्यांना 'स्थळप्रत' हा शब्द नवा नाही. पत्र बाहेर धाडावयाचे ते सहीशिक्क्यानिशी धाडावयाचे आणि त्याची एक प्रत नस्तीला लावून ठेवावयाची, ती स्थळप्रत. मूळ पत्र वाटेत गहाळ झाले, किंवा ते आम्हांस मिळालेच नाही असे पलीकडील कचेरीने कळविले, म्हणजे ही प्रत काढून दाखवावयाची. या व्यवस्थेत दोन कामे आहेत : प्रत ठेवण्याचे एक, आणि ती काढून दाखविण्याचे दुसरे. पहिले काम रोजचे असते, म्हणून ते सहसा चुकत नाही. दुसऱ्याची वेळ वर्षा-दोन वर्षांतून एखादे दिवशी येते, आणि त्या दिवशी कपाटाची किल्ली कोणाकडे आहे येथपासून शोधाला आरंभ होतो.

कचेऱ्यांच्या नस्त्या, पतसंस्थांची खाती, दवाखान्यांतील रुग्णांच्या नोंदी, ग्रंथालयांच्या याद्या, शाळांची जनरल रजिस्टरे ही गेल्या तीस-चाळीस वर्षांत हळूहळू संगणकावर गेली, आणि स्थळप्रतीचा हा जुना प्रश्नही त्यांच्या मागोमाग तेथे गेला. संगणकातील माहितीची जी प्रत संकटकाळासाठी बाजूस काढून ठेवतात तिला बॅकअप म्हणतात. हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याला हुसकून लावण्यात हशील नाही; मी मात्र बोलण्याच्या सोयीसाठी तिला राखीव प्रत म्हणेन. त्या प्रतीवरून गेलेली माहिती पुन्हा जागेवर आणून बसविण्याला रिस्टोअर म्हणतात. याला प्रतिशब्द म्हणून काही पडद्यांवर 'पुनर्संचयित करा' असे लिहिलेले आढळते. या शब्दातील संधीविषयी संस्कृतज्ञ शंका घेतील, ते सोडून देऊ. पण मोठ्या धांदलीच्या क्षणी ज्या माणसापुढे तो येतो, त्याला आता काय करावयाचे याचा त्यावरून बोध होत नाही. 'जुनी प्रत परत आणा' असे लिहिले असते तर काय बिघडले असते? राखीव प्रत ठेवण्याची आणि परत आणण्याची साधने सामान्य माणसाच्या हाताला येतील अशी का नाहीत, आणि ती तशी कशी करता येतील, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या कामाला निराळे साधन लागतेच कशाला, हे प्रथम पाहावयास हवे. एखादे पत्र किंवा छायाचित्र आपण एका जागेहून दुसऱ्या जागी सहज उतरवून घेतो, तशीच डेटाबेसची प्रत का घेऊ नये? पत्र एकदा लिहून संपलेले असते. डेटाबेस ही सदैव उघडी असलेली खतावणी आहे, आणि तिच्यात एकाच वेळी अनेक कारकून नोंदी करीत असतात. समजा, रमाबाईंच्या खात्यातून गोविंदरावांच्या खात्यात पाचशे रुपये वळवावयाचे आहेत. रमाबाईंचे खाते पहिल्या पानावर आहे आणि गोविंदरावांचे दोनशेव्या. आपण खतावणीची नक्कल करावयास बसलो. पहिले पान उतरविले तेव्हा पैसे रमाबाईंच्याच खात्यात होते. दोनशेव्या पानाशी आपण पोहोचलो तोवर ते गोविंदरावांच्या खात्यात जमा झालेले आहेत. आपल्या नकलेत पाचशे रुपये दोघांच्याही नावावर दिसतील. अक्षर न् अक्षर बरोबर उतरविलेले, आणि हिशेब मात्र खोटा! म्हणून डेटाबेसची साधने नक्कल घेताना एक क्षण पक्का धरून ठेवतात, आणि त्या क्षणी खतावणी जशी होती तशीच ती शेवटच्या पानापर्यंत उतरवितात. मध्यंतरी कारकून काही का लिहीनात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे विनामूल्य मिळू शकणारे दोन डेटाबेस जगभर वापरात आहेत. दोहोंबरोबर अशी साधने मिळतात.

आपल्या जुन्या जमाखर्चात खतावणीच्या आधी रोजकीर्द असे. घडेल तो व्यवहार घडेल त्या क्रमाने प्रथम रोजकीर्दीत लिहावयाचा आणि मग तेथून खतावणीत त्याची खातेवार मांडणी करावयाची. डेटाबेसही हेच करतो. प्रत्येक फेरफार तो आधी आपल्या रोजकीर्दीत टिपून ठेवतो, आणि त्यामुळे एक मोठी सोय होते. रविवारी रात्रीची खतावणीची प्रत आपल्यापाशी आहे, आणि रविवारपासूनची रोजकीर्दही जपून ठेवलेली आहे असे समजा. मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कोणी चुकून सगळ्या खातेदारांची नावे पुसली. तर रविवारची प्रत घ्यावयाची, तिच्यावर रोजकीर्दीतील नोंदी क्रमाने चढवीत जावयाचे, आणि तीन वाजून नऊ मिनिटांवर थांबावयाचे. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००५ साली निघालेल्या आठव्या आवृत्तीपासून आहे. संगणकशास्त्रातील ज्या थोड्या गोष्टी मला खरोखर सुंदर वाटतात त्यांत मी हिची गणना करतो. पण ती वापरावयाची कशी? एका फाइलीत ठरावीक इंग्रजी शब्दांपुढे ती वेळ विशिष्ट पद्धतीने लिहावयाची, रोजकीर्दीची पाने कोठून आणावयाची याची आज्ञा लिहावयाची, 'रिकव्हरी डॉट सिग्नल' या नावाची एक कोरी फाइल तयार करून नेमक्या जागी ठेवावयाची, आणि मग यंत्र सुरू करावयाचे. तज्ज्ञाला यात काही विशेष वाटत नाही. संस्थेच्या लेखनिकाला मात्र एवढेच सांगावयाचे असते की, 'तीन वाजून नऊ मिनिटांपर्यंतचे परत आण.'

विदर्भातील तालुक्याच्या एका गावी लहानशा पतसंस्थेत घडलेली हकीकत मला ठाऊक आहे. संस्थेच्या संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर होते आणि त्यात राखीव प्रत घेण्याची सोयही होती. पण ती उघडली की यंत्र विचारी : प्रत पूर्ण हवी की फरकापुरती? मजकूर कितपत दाबून बसवावयाचा? मार्ग कोणता? सगळी प्रश्नावली इंग्रजीत. लेखनिक बाई बी. कॉम. झालेल्या, कामाला चोख. परंतु यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर संस्थेत कोणालाच देता येईना. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता एक सोपा उपाय काढला. पडद्यावर त्या सॉफ्टवेअरचे जे लहानसे चित्र दिसे त्याची रोज सायंकाळी त्या पेनड्राइव्हवर नक्कल करीत, आणि पेनड्राइव्ह तिजोरीत ठेवून घरी जात. दीड वर्ष हा नेम एकही दिवस चुकला नाही. पुढे एका पावसाळ्यात विजेचा दाब एकाएकी वाढून संगणकाची चकती निकामी झाली. पेनड्राइव्ह उघडून पाहिला तेव्हा त्यात जेमतेम दोन किलोबाइटांचा मजकूर होता. पडद्यावरचे ते चित्र म्हणजे नुसता पत्ता असतो. खरी खतावणी निराळ्या जागी असते. दीड वर्ष रोज घराच्या पत्त्याची नक्कल तिजोरीत जात होती.

मग संस्थेने खातेदारांना पासबुके घेऊन बोलाविले. ज्यांची पासबुके वेळच्या वेळी भरलेली होती त्यांचे निभावले. पिग्मी भरणारे हातगाडीवाले आणि भाजीवाल्या बाया यांच्यासाठी एजंटांच्या पावतीपुस्तकांतील स्थळप्रती एकेक करून जुळवाव्या लागल्या. दोन महिने संस्थेला दुसरा उद्योग नव्हता. पैशाची अफरातफर झाली असावी अशी कुजबूज गावात झाली, आणि त्या दिवसांत लोक लेखनिक बाईंकडे ज्या नजरेने पाहत ती मी पाहिली आहे. अशा प्रसंगी माणसे निष्काळजी असतात म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती पटत नाही. दीड वर्ष एक दिवसही न चुकणाऱ्या माणसाला निष्काळजी कसे म्हणावे? राजमार्गावर काटे पसरून ठेवले की लोक आडवाटेने जातात, तसे हे झाले. त्या सॉफ्टवेअरला हे पक्के ठाऊक होते की आपल्याकडून दीड वर्षात एकही राखीव प्रत घेतली गेलेली नाही. रोज सकाळी पडद्यावर तेवढे एक वाक्य लिहिणे त्याला अवघड नव्हते.

साधने अवघड राहिली याचे एक कारण असे की, ती प्रत घेणाराच्या बाजूने रचलेली असतात. प्रत परत आणणारा माणूस रचनाकारांच्या डोळ्यांपुढे क्वचितच असतो. पीएचपी-माय-ॲडमिन नावाचे एक साधन १९९८ पासून प्रचारात आहे. मायएसक्यूएलचा डेटाबेस ब्राउझरमधून हाताळण्यासाठी ते वापरतात, आणि लहान संस्थांची संकेतस्थळे जेथे भाड्याने ठेवलेली असतात तेथे ते बहुधा असतेच. त्यात निर्यात आणि आयात अशी दोन दारे शेजारीशेजारी आहेत. निर्यातीच्या दाराने दोनशे मेगाबाइटांची फाइल मुकाट्याने बाहेर पडते. तीच फाइल आयातीच्या दाराशी नेली की अडते. कारण हे साधन ज्या पीएचपी भाषेवर उभे आहे, तिच्या मूळ ठेवणीत बाहेरून येणाऱ्या फाइलीवर दोन मेगाबाइटांची मर्यादा घातलेली आहे. ती वाढविता येते, पण वाढविण्याचा अधिकार वापरणाराकडे असतोच असे नाही. ही फाइल या दाराने परत येणार नाही, ही सूचना बाहेर पडताना मिळावयास हवी. ती मिळते संकट कोसळल्यावर.

दुसरी अडचण खास आपली, म्हणजे रोमन लिपीबाहेरच्या सर्वांची आहे. संगणक अक्षरे अंकांच्या रूपाने साठवितो, आणि कोणत्या अक्षराला कोणता अंक याची कोष्टके निरनिराळी आहेत. मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, मुद्दाम दुसरे सांगितले नाही तर, पश्चिम युरोपीय भाषांचे कोष्टक धरले जाई. त्यात देवनागरीला जागाच नाही. मराठी नावांची प्रत अशा ठिकाणी परत आणली, तर ज्या अक्षराला कोष्टकात घर नाही त्याच्या जागी जुन्या आवृत्त्या प्रश्नचिन्ह ठेवून पुढे चालू लागत. खातेदार बाराशे होते ते बाराशेच भरतात, रकमा पैशापर्यंत जुळतात, आणि नावांच्या रकान्यात सविता काय नि सखाराम काय, सगळीकडे प्रश्नचिन्हे! एकदा असे झालेले नाव त्या प्रश्नचिन्हांतून पुन्हा काढता येत नाही. रकमांची बेरीज तपासणाऱ्या हिशेबनिसाला यात काही वावगे दिसणारही नाही.

हे सगळे अनभिज्ञांच्याच वाट्याला येते असा कोणाचा समज असेल, तर गिटलॅब या कंपनीचे उदाहरण पाहावे. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम जेथे ठेवतात अशा व्यवसायातील ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत काम करीत असलेल्या तेथील एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरील समजून जी माहिती पुसावयास घेतली ती मुख्य यंत्रावरची निघाली. चूक ध्यानी येताच एक-दोन सेकंदांतच त्याने हात आवरला, पण तेवढ्यात सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइट तेवढे उरले. माहिती वाचविण्याच्या योजना एक सोडून पाच प्रकारच्या होत्या. त्यांतील रोजच्या प्रती जेथे साठत असाव्यात ती जागा उघडली तर रिकामी! प्रत घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे होते आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळे ते साधन रोज सुरू होऊन रोज बंद पडत होते. बंद पडल्याची सूचना ईमेलने निघत असे, परंतु ती पत्रे टपालव्यवस्थेच्या सुरक्षानियमांत बसत नसल्याने वाटेतच नाकारली जात. शेवटी दुसऱ्याच एका कामासाठी सहा तास आधी हाताने घेऊन ठेवलेली प्रत कामी आली. त्या सहा तासांतील डेटाबेसच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीचे कौतुक एवढ्यासाठी करावयाचे की, दुरुस्तीचे काम चालू असतानाच तिने ते जगाला प्रत्यक्ष दाखविले आणि मागाहून कारणांचा सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला. आपल्याकडील चौकशी-अहवालांशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी तो अवश्य वाचावा.

वेदपाठशाळेत संहिता पाठ झाली असे विद्यार्थ्याने नुसते सांगून भागत नाही. ती त्याला म्हणून दाखवावी लागते. आणि पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट रीतींनी तीच पदे म्हणताना एखादे पद ढळले तर ते तत्काळ उघडे पडते. ग्रंथ माणसाच्या कंठात ठेवण्याच्या काळी प्रत शाबूत आहे की नाही हे पाहण्याची ही सोय होती. संगणकाच्या साधनांना ती शिकविता येण्यासारखी आहे. प्रत घेऊन झाली की साधनाने तीच प्रत आपण होऊन एका कोपऱ्यात, चालू खतावणीला धक्का न लावता, उघडून मांडावी. तिच्यातील खाती आणि बेरजा मूळ खतावणीशी ताडून पाहाव्यात. आणि मग लेखनिकाला तिच्या भाषेत सांगावे : 'आज सायंकाळी सहाची प्रत उघडून पाहिली. खाती १,२१४. शेवटची पावती ५ वाजून ४० मिनिटांची. कालच्यापेक्षा सात खाती जास्त.' सध्या बहुतेक साधने काय सांगतात? 'काम पूर्ण झाले', एवढेच. किंवा काम फसले तर एक सांकेतिक अंक. खाती सात वाढली की सातशे घटली, यावरून काय घडले असावे हे लेखनिकाला कोणत्याही तंत्रज्ञापेक्षा लवकर उमगते, कारण दिवसभर गिऱ्हाइके तिच्या पुढ्यात उभी असतात. सामान्य वापरणाराला सोपे करून द्यावयाचे म्हणजे त्याला काही कळत नाही असे धरून चालावयाचे, हा समज या क्षेत्रात फार पसरला आहे. ज्या माहितीची प्रत घ्यावयाची तिचा खरा जाणकार तोच असतो.

प्रत परत आणताना यंत्राने काय हवे, केव्हाचे हवे आणि ते कोठे मांडावयाचे, एवढेच विचारावे. केव्हाचे, याचे उत्तर देण्यासाठी फायलींच्या सांकेतिक नावांची जंत्री नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखी तारखांची चौकट पुरे. कोठे, याचे उत्तर मात्र साधनाने आपल्याच मनाने सुरक्षित धरावे. ॲमेझॉन कंपनी २००९ पासून डेटाबेस भाड्याने सांभाळण्याची जी सेवा देते, तीत एखाद्या दिवसाची जुनी स्थिती परत मागितली की ती चालू डेटाबेसवर चढत नाही. शेजारी नवा डेटाबेस उभा राहतो. पाहून, पारखून मग तिकडे बिऱ्हाड हलवावयाचे. जुनी प्रत चालू खतावणीवर परस्पर चढविणाऱ्या साधनात एक चुकीची तारीख निवडली की आजचेही जाते.

सोपेपणाचा चांगला नमुना म्हणून ॲपलने २००७ साली आपल्या संगणकांत आणलेल्या 'टाइम मशीन'कडे बोट दाखविता येईल. नवी चकती जोडली की ते यंत्र विचारी, ही राखीव प्रतींसाठी वापरू काय? होय म्हटले की तासातासाला प्रत आपोआप निघू लागे. पुढे एखादा कागद हरवला, तर तोच कप्पा काल कसा दिसत होता, गेल्या आठवड्यात कसा होता, हे एकामागे एक लावलेल्या आरशांसारखे पडद्यावर मांडलेले असे. मागे मागे जावे आणि हवा तो कागद उचलावा. राखीव प्रत ही कल्पनाच ज्यांना ठाऊक नव्हती अशा माणसांनी ते वापरले. चालत्या डेटाबेसला ते जसेच्या तसे लावता येत नाही, याचे कारण रमाबाई आणि गोविंदराव यांच्या उदाहरणात आलेच आहे. पण डेटाबेसपाशी तर रोजकीर्द आहे. मिनिटामिनिटाने मागे जाण्याची शक्ती त्याच्याजवळ आधीपासून आहे. तिला तसा चेहरा देण्याचे काम उरले आहे.

प्रत परत आणावयास किती वेळ लागेल, हेही साधनाने आधी सांगितले पाहिजे. घ्यावयास दहा मिनिटे लागली म्हणून आणावयास दहाच लागतील असे नाही. मजकुराबरोबर त्याच्या अनुक्रमणिकाही पुन्हा बांधाव्या लागतात. या वेळाला काय मोल असते हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०२२ साली दिसून आले. २३ नोव्हेंबरला झालेल्या सायबर हल्ल्यात तेथील पाच सर्व्हरांवरील माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. राखीव प्रतीचा एक सर्व्हर या हल्ल्यातून वाचला होता. सरकारने पुढे संसदेत सांगितल्याप्रमाणे रुग्णालयाची माहिती त्यावरून नव्या सर्व्हरांवर परत आणण्यात आली, आणि नोंदणी, भरती, घरी सोडणे ही कामे बहुतांशी पूर्ववत व्हावयास दोन आठवडे गेले. तोवर देशभरातून आलेल्या रुग्णांचे कागद हातांनी लिहिले जात होते. प्रत वाचली म्हणून सारे वाचले. पण दोन आठवडे हा रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा काळ आहे.

प्रत मूळ यंत्राहून दूर असावी हे यावरून स्पष्टच आहे. अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या सुमारास एक सुटसुटीत नियम लोकांपुढे ठेवला : प्रती तीन, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक परगावी. नियम चांगला आहे आणि लहान संस्थेलाही परवडतो. २०११ पासून ३१ मार्च हा दिवस जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. ज्याने तो ठरविला त्याला आपल्याकडील आर्थिक वर्षाच्या अखेरीची कल्पना नसावी; त्या दिवशी भारतातील कोणत्याही लेखाशाखेत नवा उपक्रम सुरू करून पाहावा!

सोपेपणाविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परत आणण्याचे बटण सोपे झाले तर ते कोणीही दाबील. प्रत घेणे सोपे झाले तर सगळ्या खातेदारांची माहिती कोणीही खिशात घालून नेईल. पहिल्या भीतीवर बँकांच्या तिजोरीतील जुना उपाय लागू पडतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. तशी जुनी प्रत चालू खतावणीच्या जागी बसविण्याला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागावी, आणि बसविण्यापूर्वी चालू खतावणीची एक प्रत यंत्राने आपण होऊन काढून ठेवावी, म्हणजे उलट पावली येता येईल. शेजारी मांडून नुसती पाहावयाची असेल तर मात्र कोणाची परवानगी लागू नये.

दुसऱ्या भीतीवरचा उपाय प्रतीला सांकेतिक कुलूप घालणे हा आहे, आणि तेथे प्रकरण नाजूक होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातील फोनवर व्हॉट्सॲप आहे. त्यातील निरोप हासुद्धा एक लहानसा डेटाबेसच आहे. २०२१ पासून त्याच्या राखीव प्रतीला असे कुलूप घालण्याची सोय झाली. ते उघडण्यासाठी स्वतःचा परवलीचा शब्द ठेवावयाचा किंवा ६४ अंकी किल्ली घ्यावयाची, असे पर्याय तेव्हा दिले होते. आणि ती किल्ली हरवली तर प्रत उघडून देणे कंपनीलाही शक्य नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु चोराच्या भीतीने घातलेले कुलूप मालकालाच बाहेर ठेवील, ही शक्यता सामान्य माणसाच्या बाबतीत चोराहून मोठी असते. म्हणून किल्ली तयार होताच साधनाने ती ठळक अक्षरांत कागदावर छापून द्यावी, हा कागद संगणकाजवळ ठेवू नका असे बजावावे, आणि महिन्याभराने एकदा ती किल्ली मागून पाहावी. मागितल्यावर सापडली नाही तर त्या दिवशी काही बिघडत नाही. चालू माहिती जागेवर असते आणि नवे कुलूप घालता येते.

शेवटी माझ्या रोजच्या कामाशी निगडित अशी एक सूचना करतो. सरकारी कचेऱ्या, नगरपरिषदा, सहकारी संस्था संगणकप्रणाली विकत घेतात तेव्हा निविदेत 'बॅकअपची सुविधा असावी' असे एक वाक्य असते, आणि पुरवठादार तिच्यापुढे 'होय' असे लिहितो. या वाक्याऐवजी एक परीक्षा घालावी. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, पुरवठादाराच्या माणसाने दूर खुर्चीवर बसावे आणि त्या कचेरीतील लेखनिकाने, कोणालाही न विचारता, आदल्या दिवशीची प्रत एका वेगळ्या संगणकावर परत आणून दाखवावी. किती वेळ लागला ते घड्याळ लावून नोंदवावे. आलेल्या खात्यांची संख्या आणि बेरीज मूळ खतावणीशी ताडावी. मग कोणतीही दहा मराठी नावे निवडून ती मोठ्याने वाचावीत, आणि एखाद्या नावात प्रश्नचिन्ह आढळले तर देयक पुढील तारखेपर्यंत रोखून ठेवावे. हीच परीक्षा दर सहा महिन्यांनी, तपासणीच्या वेळी, पुन्हा घ्यावी, आणि त्या वेळी खुर्चीवर नवा लेखनिक असेल तर अधिकच बरे.